गोव्यात मराठी शाळेचे शिक्षक व्हायचंय? मग इथून सुरुवात करा

पहिलीच्या वर्गावर मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा भिंतीवर प्राण्यांचा तक्ता लावला होता. कुत्र्याच्या चित्रावर पट्टी टेकवून विचारलं, "हे काय?" पुढे बसलेला मुलगा आनंदाने ओरडला, "सुणें!" मी म्हटलं, "नाही रे, कुत्रा." मग पट्टी पक्ष्यावर नेली. तोच मुलगा, जरा हळू आवाजात, "सुकणें." मी पुन्हा म्हटलं, "नाही, पक्षी." तिसऱ्या चित्राला त्याने तोंड उघडलं नाही, आणि बाकीच्यांनीही नाही. त्याने दोन्ही उत्तरं बरोबर दिली होती. चूक माझी होती. घरून आणलेले कोकणी शब्द मी त्याच्या तोंडातून काढून घेतले आणि मग वर्ग गप्प का झाला म्हणून कोड्यात पडले.

आज बावीस वर्षं झाली. गोव्यात, त्यातही मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक व्हायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना मी आधी हीच गोष्ट सांगते. इथे मुलाच्या घरी एक भाषा असते आणि पुस्तकात दुसरी. या दोहोंमध्ये उभं राहायला जमलं तर पुढचं सगळं जमतं. पण वर्गापर्यंत पोचायला आधी कागदांची वाट तुडवावी लागते, म्हणून सुरुवात तिथून.

पहिली पायरी: कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचं ते ठरवा

गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा पहिली ते चौथी, मिडल स्कूल पाचवी ते सातवी आणि हायस्कूल आठवी ते दहावी अशी जुनी विभागणी आहे. सरकारी प्राथमिक शाळा बहुतेक मराठी माध्यमाच्या आहेत, काही कोकणी. पाचवीपासून मात्र जवळजवळ सगळीकडे इंग्रजी माध्यम सुरू होतं आणि मराठी एक विषय म्हणून उरतो. त्यामुळे मराठीतून सगळे विषय शिकवायचे असतील तर तुमची जागा प्राथमिक शाळेत. मराठी हा विषय शिकवायचा असेल, कविता-व्याकरण-निबंधात रमायचं असेल, तर हायस्कूलकडे बघा.

ही निवड आधी करायची, कारण पात्रताच वेगळी लागते. प्राथमिकसाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका, डी.एल.एड., जिला आमच्या वेळी डी.एड. म्हणत. ती पर्वरीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सगळे जिला 'डाएट' म्हणतात तिथे करता येते. हायस्कूलसाठी पदवीनंतरचं दोन वर्षांचं बी.एड. पणजीला आल्तिन्होवरची निर्मला इन्स्टिट्यूट आणि फोंड्याचं डॉ. दादा वैद्य शिक्षण महाविद्यालय ही नावं इथे घरोघरी ठाऊक आहेत.

बी.एड. केलं की प्राथमिकलाही चालेल, असं अजून बरेच जण धरून चालतात. ते चालत नाही. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदासाठी बी.एड. ही पात्रता ठरू शकत नाही. माझ्या ओळखीच्या एका मुलीने बी.एड.वर दोन वर्षं घालवली आणि मग तिला कळलं की तिला खरी ओढ छोट्यांची आहे. ती आता पुन्हा पदविकेचा विचार करते आहे. तुम्ही आधीच चार दिवस एखाद्या ओळखीच्या शाळेत जाऊन बसा. सकाळी पहिलीत, दुपारी नववीत. कुठे तुमचा जीव रमतो ते एका दिवसात कळतं.

दुसरी पायरी: टीईटी

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा आहे. केंद्राची परीक्षा, जिला सीटेट म्हणतात, ती सीबीएसई घेते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येक पेपर १५० प्रश्नांचा, १५० गुणांचा, वेळ अडीच तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. उत्तीर्ण व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण. राखीव गटांना किती सवलत आहे ते जाहिरातीत बघून घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं.

पेपर एकमध्ये बालविकास, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी ३० गुण. भाषांच्या यादीत मराठी आहे, कोकणी नाही. आपल्या मुलांनी मराठी पहिली भाषा आणि इंग्रजी दुसरी घ्यावी, असं माझं मत. बालविकासाचे ३० गुण पाठांतराने मिळत नाहीत. प्रश्न असे येतात की मूल अमुक चूक करतं, तर शिक्षकाने काय करावं. ज्याने शेजारच्या पोरांना अभ्यासाला बसवलंय त्याला ते सोपे जातात.

ही परीक्षा टाळता येईल अशी आशा धरू नका. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरला आहे अशा सेवेतल्या शिक्षकांनासुद्धा टीईटी आवश्यक ठरवली. केस पिकलेले शिक्षक आज पुस्तकं घेऊन बसले आहेत. तुम्ही पदविकेच्या दुसऱ्या वर्षातच ती देऊन मोकळे व्हा.

तिसरी पायरी: कागदांची पिशवी

सरकारी नोकरीच्या जाहिरातीत दोन गोष्टी हमखास असतात: गोव्यातल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, आणि "कोकणीचे ज्ञान आवश्यक, मराठीचे ज्ञान इष्ट". दाखला मामलेदार कचेरीतून मिळतो. जाहिरात आल्यावर धावलात तर शेवटच्या आठवड्यात घाम फुटतो, तेव्हा आधीच विचारून ठेवा. रोजगार विनिमय केंद्रातली नोंदणी, जन्मदाखला, गुणपत्रिकांच्या साक्षांकित प्रती, जातीचा दाखला लागू असेल तर तो, सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत. इथल्या पावसात कागद भिजायला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, थांब्यावरची पाच मिनिटं पुरतात.

मराठी माणसाला कोकणीची अट खटकते, हे मी जवळून पाहिलं आहे. माझं सांगणं साधं आहे: कोकणी मनापासून शिका, बोलायला आणि वाचायलाही. ती नोकरीसाठी लागतेच. पण तिचा खरा उपयोग मुलाखतीनंतर, जूनच्या पहिल्या सोमवारी कळतो.

चौथी पायरी: नोकरी कुठली आहे ते ओळखा

एकच 'शिक्षक' हा शब्द, पण हुद्दे वेगळे. सरकारी शाळेतली कायम जागा, अनुदानित शाळेतली जागा, विनाअनुदानित शाळा, कंत्राटी, आणि हायस्कूल-उच्च माध्यमिकमध्ये 'लेक्चर बेसिस', म्हणजे घेतलेल्या तासांवर मोबदला. अनुदानित शाळा संस्था चालवते, पगाराचं अनुदान सरकार देतं. जाहिरात संस्था काढते, मुलाखतही संस्था घेते, पण नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता लागते. हे सगळं १९८४ च्या गोवा शालेय शिक्षण कायद्यावर आणि १९८६ च्या नियमांवर चालतं. ते नियम एकदा वाचून काढा. रजा, परिवीक्षा म्हणजे नोकरीचा चाचणीकाळ, सेवाज्येष्ठता, सगळं त्यात आहे, आणि स्टाफरूममध्ये ऐकलेल्या निम्म्या गोष्टी त्यात नाहीत.

माझी पहिली नोकरी रजेच्या जागेवरची होती. तोंडी बोलावणं आलं, मी आनंदाने गेले, आणि चार महिने शिकवून झाल्यावर कळलं की माझं नेमणूकपत्रच निघालेलं नाही. पगारासाठी पुढचं अख्खं वर्ष खेटे घातले. त्या काळात आई विचारायची, "बाय, तू शाळेत जातेस की देवळात सेवेला?" तेव्हापासून प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते: हातात पत्र, पत्रावर तारीख, पद, वेतन आणि मुदत. ते मागायला लाजू नका. मान्यतेचा प्रस्ताव खात्यात कधी गेला, त्याचा आवक क्रमांक काय, तेही विचारून लिहून ठेवा.

लेक्चर बेसिसवर असाल तर सुट्टीच्या महिन्यांत हात रिकामा राहतो, हे धरूनच घर चालवा. मे, चतुर्थी, दिवाळी, नाताळ, गोव्यात सुट्ट्या भरपूर. २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होऊ लागले आहेत, तेव्हा वर्षाचा जुना हिशेब तसाच धरू नका.

पाचवी पायरी: नमुना पाठ

मुलाखतीत बहुधा दहा-पंधरा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात. नवखे उमेदवार रंगीत तक्ते आणतात आणि तक्त्याकडे तोंड करून बोलतात. माझ्याबरोबर परीक्षक म्हणून बसलेल्या एका ज्येष्ठ मुख्याध्यापिका फक्त एकच गोष्ट टिपायच्या: उमेदवाराने प्रश्न विचारल्यावर किती वेळ वाट पाहिली? बहुतेक जण दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतात. तुम्ही मनात पाच अंक मोजा. ही सवय मुलाखतीपुरती नाही, पुढे रोज लागते.

सहावी पायरी: पहिला पंधरवडा आणि घरचे शब्द

आता वर्ग. जून, बाहेर धो धो पाऊस, वर्गात अकरा मुलं. त्यातली सात घरी कोकणी बोलतात, दोघांच्या घरी बेळगावकडची मराठी, दोघी बहिणी कन्नड. वास्को-झुवारीनगर भागात असाल तर हिंदी आणि लमाणीही भेटेल. शाळेचं माध्यम मात्र मराठी. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो की शिकवण्याची भाषा शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. अशा वर्गात ते 'शक्य तोवर' तुम्हीच रोज थोडं थोडं शक्य करायचं असतं.

कोकणी आणि मराठी बहिणी-बहिणी, मुलाला आपोआप कळेल, असं मोठ्यांना वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला तसं वाटत नाही. तुम्ही म्हणता "लिही", त्याच्या घरी शब्द आहे "बरय". तुम्ही म्हणता "उद्या", तो ओळखतो "फाल्यां". पुस्तकात मासा, ताटात नुस्तें. पुस्तकात पाणी, कळशीत उदक. मूल ऐकून घेतं, मान डोलावतं, आणि तुम्हाला वाटतं समजलं. मान डोलावण्यावर कधीही विसंबू नका.

सुण्या-सुकण्याच्या त्या दिवसानंतर मी एक जाड वही केली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे 'आमचा शब्द', उजवीकडे 'पुस्तकाचा शब्द'. रोज पाच शब्द, आणि डावीकडचा शब्द मुलांनीच सांगायचा. मी तो देवनागरीत फळ्यावर लिहायची, मोठ्या अक्षरात, जणू तो पाठ्यपुस्तकातलाच. मग त्याच्याशेजारी मराठी शब्द. मुलं दोन्ही वाचायची. दोन गोष्टी झाल्या. एक, मुलांना अक्षरं लवकर आली, कारण 'उदक' वाचताना त्यांना अर्थ आधीच ठाऊक होता, फक्त उ-द-क जोडायचं होतं. दुसरं, वर्ग बोलता झाला.

त्या कन्नड बहिणींपैकी धाकटी पाच आठवडे एक शब्द बोलली नव्हती. ठेकेदाराकडे आईबाप कामाला, शाळा सुटली की दोघी थेट खोलीवर. एका सकाळी वहीत 'उदक' आणि 'पाणी' लिहून झालं होतं, मुलं वाचत होती, आणि ती जागेवरूनच, भिंतीकडे बघत म्हणाली, "नीरु." वर्ग तिच्याकडे वळला. मी खडू उचलला आणि फळ्यावर तिसरा शब्द लिहिला: नीरु. वहीच्या पानावर जागा नव्हती म्हणून उजवीकडे घडी पाडून तिसरा रकाना केला. त्या दिवशी मधल्या सुट्टीत माध्यान्ह आहाराची पाव-भाजी वाटताना तिने माझा पदर ओढला आणि कढईकडे बोट दाखवून तिच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला ते कळलं नाही. पण ती विचारत होती. घरी जाताना बसमध्ये मला रडू आलं.

तुम्हाला कन्नड येण्याची गरज नाही. पाणी, भूक, दुखतंय, आई, शू, घर, भीती वाटते, इतके सात-आठ शब्द त्या मुलाच्या भाषेत पहिल्या आठवड्यात शिकून घ्या. थोरल्या बहिणीला विचारा, गाड्यावाल्याला विचारा. एवढ्याने मूल शाळेत टिकतं.

सातवी पायरी: एक खोली, चार वर्ग

सत्तरी, सांगे, काणकोण, पेडणे अशा तालुक्यांतल्या आतल्या गावांत नेमणूक झाली तर पहिली ते चौथी एकाच खोलीत, आणि शिक्षक एक किंवा दोन. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. पण सोबतची बाई रजेवर असते, प्रशिक्षणाला जाते, आणि त्या दिवशी सगळी खोली तुमच्या एकटीवर येते. पदविकेच्या अभ्यासक्रमात बहुवर्ग अध्यापनाला जेवढा वेळ देतात त्याच्या दसपट वेळ ते प्रत्यक्षात मागतं.

मी केलं ते असं. खोलीला दोन फळे, समोरासमोरच्या भिंतींवर. शाळेत अर्धा तास आधी पोचून मागच्या फळ्यावर तिसरी-चौथीचं काम लिहून ठेवायचं, असं की मला न विचारता वीस मिनिटं चालेल. तोवर मी पहिली-दुसरीसोबत जमिनीवर. मग अदलाबदल. चौथीतली मुलं पहिलीला वाचायला मदत करतात, पण त्यांना मास्तर बनवू नका. दिवसाला दहा मिनिटं पुरे, नाहीतर त्यांचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो. शेवटचा अर्धा तास सगळे एकत्र: गोष्ट, फुगडी, गाणं.

साहित्य विकत आणायला जाऊ नका. चिंचोके, काजूच्या बिया, आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे खराट्याचे हीर. दुसरीतल्या एका मुलीचं वजाबाकीचं गणित मला अजून आठवतं. ३२ वजा १७. तिने लिहिलं २५. सातातून दोन गेले पाच, तीनातून एक गेला दोन. मोठ्यातून लहान काढायचा एवढंच तिला ठाऊक होतं. मी तांबडी फुली मारली नाही. दहा-दहा हिरांच्या दोऱ्याने बांधलेल्या तीन जुड्या आणि दोन सुटे हीर तिच्यासमोर ठेवले. म्हटलं, "मला सतरा दे." तिने एक जुडी दिली. मग सुट्यांकडे बघत राहिली. दोनच होते, द्यायचे सात. मी गप्प. कौलांवर पावसाचा आवाज. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जुडीकडे, आणि विचारलं, "टीचर, ही सोडू?"

'हातचा घेणे' हे तिने त्या क्षणी स्वतः शोधून काढलं. या नोकरीत पगारापलीकडे काय मिळतं असं मला कोणी विचारलं तर मी हे सांगते. दोरा सोडणारी ती बोटं मला आजही दिसतात. तिने बारा वेगळे मोजले, त्यातले सात दिले, आणि उरलेले पंधरा दोनदा मोजून पाहिले.

चौथीच्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून करा. पुढच्या वर्षी ती पाचवीत जातील आणि गणित-विज्ञान अचानक इंग्रजीतून येईल. मराठी शाळेतून गेलेली हुशार मुलं पाचवीत मागे पडतात ती बहुतेक वेळा याच उडीवर. दिवाळीनंतर रोज पंधरा मिनिटं गणिताचे इंग्रजी शब्द, बेरीज म्हणजे ॲडिशन, अपूर्णांक म्हणजे फ्रॅक्शन, असे तोंडी आणि लेखी करून घ्या. मराठीत पक्कं समजलेलं असेल तर इंग्रजी नाव चिकटायला वेळ लागत नाही.

आठवी पायरी: राग

राग येणार. अकरा मुलं असोत की चाळीस, नोव्हेंबरात दुपारी अडीचला एक दिवस असा येतो की हात उचलावासा वाटतो. उचलायचा नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, आणि गोव्याचा स्वतःचा बाल कायदा २००३ पासून आहे. 'ढ' म्हणणं, बापाच्या दारूवरून टोमणा मारणं, वर्गासमोर उभं करून हसू करणं, हेही मानसिक छळातच येतं.

ओरडण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावा. मार्चमध्ये एक मुलगा रोज पहिल्या तासाला पेंगायचा. दोनदा मी त्याला बाहेर तोंड धुवायला पाठवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा कळलं, पहाटे पाचला आजीबरोबर काजूच्या बागायतीत बोंडू वेचायला जातो. त्या महिन्यात मी भाषेचा तास पहिला ठेवायचं सोडलं, मैदानावरचा खेळ पहिला घेतला. तो जागा राहायला लागला. गावाचं वर्ष ओळखा: काजूचे दिवस, शिगमो, जत्रा, कालो, चतुर्थी. चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात नवा धडा उघडू नका.

आणि एखादं मूल अचानक गप्प झालं, अंगावर वळ दिसले, कोणाच्या जवळ जायला घाबरू लागलं, तर 'घरचं प्रकरण' म्हणून सोडू नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. हा आकडा मुख्याध्यापकांच्या खोलीबरोबर वर्गातही लावा, मुलांच्या उंचीवर.

नववी पायरी: पालक

मे महिन्यात शिक्षक घरोघरी फिरताना दिसले तर समजा, पटसंख्येची काळजी आहे. पालक इंग्रजी माध्यमाकडे वळतात आणि मराठी शाळा रिकाम्या होतात. २०११ पासून इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान मिळू लागलं, त्यावरून झालेलं भाषेचं आंदोलन मोठ्यांना आठवत असेल. माझी बाजू लपवत नाही: मूल आधी घराजवळच्या भाषेत शिकावं असंच मला वाटतं, आणि गोवा मुक्त झाल्यावर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव उघडलेल्या या शाळांत माझी आई अक्षर शिकली, म्हणून त्या मला प्रिय आहेत. पण दारात उभ्या असलेल्या आईशी मी कधी वाद घातला नाही. तिला मुलाचं भलंच हवं असतं. तिला म्हणते, "उद्या शाळेत येऊन अर्धा तास मागे बसा आणि बघा." दोन-चार जणी येतात, त्यातली एखादी मुलाचं नाव घालते.

पालकसभा सकाळी अकराला ठेवली तर कोणी येणार नाही. रोजगारी बायकांचा अर्धा दिवस बुडतो. संध्याकाळी ठेवा, नाहीतर देवळाच्या चौकात आरतीनंतर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा सांगतो. त्या महिलांना बोलतं करा, शाळेचं छप्पर त्याच दुरुस्त करून घेतात.

शिकवणी घेऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणीला मनाई आहे.

दहावी पायरी: नोंदवह्या आणि तब्येत

हजेरीपट, माध्यान्ह आहाराची नोंद, साहित्याची नोंदवही, यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, ऑनलाइन माहिती. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीच्या कामाला शिक्षकांना बोलावता येतं, इतर बिगरशैक्षणिक कामाला नाही. रोजचं रोज लिहिलं तर वीस मिनिटं, साठवलं तर रविवार जातो. एकाच नोंदीत जिवापाड काळजी घ्या: प्रवेशाच्या रजिस्टरातलं नाव आणि जन्मतारीख. जन्मदाखला समोर ठेवूनच लिहा, अक्षर अन् अक्षर जुळवून. तिथे झालेली चूक मुलाला दहावीच्या दाखल्यापर्यंत, पासपोर्टपर्यंत छळते.

पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास, आणि शिक्षकाचे आठवड्याला तयारीसह ४५ तास, हे कायद्यातले आकडे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी जास्तच लागतात.

आवाज सांभाळा. पावसाच्या वर ओरडायचा प्रयत्न केलात तर ऑगस्टमध्ये घसा बसतो. मुसळधार सर आली की मुलांना चित्र काढायला किंवा मनात वाचायला द्या. शाळेच्या कपाटात कपड्यांचा एक कोरडा जोड ठेवा. आडगावात कदंबची सकाळची एकच बस असते. कंडक्टरला नाव सांगून ठेवा, तो थांबतो.

शेवटची पायरी: बदली

ती येते, आणि बहुधा तुमचा जीव रमल्यावरच येते. चार्ज देताना चाव्या, रजिस्टरं आणि साहित्याची यादी सगळेच देतात. त्यासोबत प्रत्येक मुलासाठी एक पान लिहून द्या: काय येतं, काय अडतं, घरी कोण आहे, कशाने हसतं. दोन रात्री जातात, पण नव्या शिक्षकाचे दोन महिने वाचतात.

माझी बदली झाली तेव्हा ती कन्नड मुलगी चौथीत होती. नव्या बाई आल्या, मी त्यांना कपाट दाखवत होते. तीन रकान्यांची ती जाडजूड वही, कडा फाटलेली, त्यांनी हातात घेऊन उलटली आणि विचारलं, "हे काय आहे?" मी उत्तर द्यायच्या आधी ती मुलगी मध्ये आली, वही त्यांच्या हातातून घेतली आणि पहिलं पान उघडून म्हणाली, "बाई, हे पाण्याचं पान. नवीन मुलं आली की इथून सुरू करायचं. आधी त्यांना विचारायचं, मग लिहायचं."